अहो-जाहो आणि ‘बोस’: ब्युनॉस आयर्समधले पहिले सात आठवडे

हे प्रकरण आमच्या एका विद्यार्थिनीचं आहे. त्यातली मोठी चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी, त्यामुळे ते लिहून काढायचं कामही माझ्याकडेच आलं. मुलगी कऱ्हाडची, वय 23, पुण्यात स्पॅनिशमध्ये एम.ए. करणारी. एका सत्रासाठी, मार्च ते जुलै 2024, ती अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्सला गेली. आठव्या दिवशी तिने आईला फोनवर सांगितलं, “इथं माझ्याशी कुणी बोलतच नाही.” अठराव्या दिवशी तिने परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणता येते का, याची चौकशी केली. आणि आमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं स्पॅनिश तिचंच होतं. आम्ही तिला रोज अर्धं पान लिहायला सांगितलं होतं. खालचे तपशील त्या वहीतले आहेत, तिला विचारून घेतलेले.

निघण्याआधी

व्हिसा, अपोस्टिल, पोलिसांचा दाखला यांत जानेवारी गेला. तो भाग सुरळीत पार पडला.

पैशांची तयारी आम्ही नको तितकी केली. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या नव्या सरकारने डॉलरचा सरकारी भाव एका फटक्यात साधारण 366 पेसोंवरून 800 वर नेला होता. त्या एका महिन्याची महागाई 25.5 टक्के, आणि सबंध 2023 ची 211.4 टक्के. मुलीचे वडील साखर कारखान्यात हिशेबनीस आहेत. हे आकडे ऐकून ते म्हणाले, “बाई, वर्षाला पंचवीस म्हणायचंय ना तुम्हाला?” मी म्हटलं, महिन्याला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग आम्ही बसून ठरवलं की शंभराच्या नव्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्यायच्या. जुन्या, छोट्या चेहऱ्याच्या नोटांना तिकडे कमी भाव देतात. मार्चमध्ये बाजारात एका शंभराच्या नोटेचे साधारण एक लाख पेसो येत होते आणि तेव्हा देशातली सगळ्यांत मोठी नोट दोन हजारांची होती. म्हणजे पाकीट नव्हे, पिशवीच लागते. चार्जरच्या तिरक्या चपट्या पायांच्या प्लगपासून मेतकुटापर्यंत सगळी यादी झाली.

भाषेची काळजी कुणालाच नव्हती. तिथेच आम्ही फसलो.

आमच्या वर्गात पुस्तकं स्पेनमध्ये छापलेली. क्रियापद आलं की फळ्यावर सहा घरांचा तक्ता: यो, तू, एल, नोसोत्रोस, बोसोत्रोस, एयोस. पहिल्या तासाला मुलं हमखास हसतात, कारण स्पॅनिशमधला ‘तू’ म्हणजे आपला तूच. उच्चार तोच, अर्थ तोच. आणि आदराचा ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही किंवा आपण. शिक्षक, वडीलधारी, अनोळखी माणसं यांना उस्तेद म्हणायचं, एवढं एक वाक्य सांगितलं की मराठी मुलांना पुढे काही समजवावं लागत नाही. ही आमची जमेची बाजू आहे असं मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आले.

अर्जेंटिनात मात्र ‘तू’ नाही. तिथे ‘बोस’. त्याबरोबर क्रियापदही बदलतं: तू तिएनेस नाही, बोस तेनेस; तू एरेस नाही, बोस सोस. ‘ये’ म्हणायला ‘बेन’ नाही, ‘बेनी’, जोर शेवटच्या अक्षरावर. बोसोत्रोस तर तिथे कुणी म्हणत नाही, सगळ्यांना मिळून ‘उस्तेदेस’. वर उच्चार असा की आम्ही ज्याला ‘य’ शिकवतो त्याचा या शहरात ‘श’ होतो. ‘यो मे यामो’चं ‘शो मे शामो’. रस्ता म्हणजे ‘काशे’, पाऊस म्हणजे ‘शुविआ’. हे सगळं मला माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात मी त्यावर अर्धा तास दिला आणि म्हटलं, “ऐकून ऐकून सवय होईल, तू तुझं नेहमीचं बोल, सगळ्यांना कळतं.” कळतं हे खरंच आहे. स्पेनमध्ये बस ‘पकडायला’ जे क्रियापद बिनदिक्कत वापरतात ते तिकडे चारचौघांत उच्चारू नये, हे मात्र बजावून सांगितलं होतं. अब्रू जाईल अशा शब्दांची यादी आम्हा शिक्षकांना पाठ असते.

पहिले अठरा दिवस

मुंबई, अदिस अबाबा, साओ पावलो करत ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोहोचली. तिकडे उन्हाळा संपत आलेला. अल्माग्रो नावाच्या वस्तीत एका साठी ओलांडलेल्या विधवा बाईंच्या घरात खोली घेतली होती, भाडं डॉलरमध्ये. पहिल्या संध्याकाळचा संवाद वहीत आहे. हिने विचारलं, “सेन्योरा, उस्तेदची परवानगी असेल तर स्वयंपाकघर वापरू का?” बाई म्हणाल्या, “सेन्योरा म्हणू नकोस गं, म्हातारी झाल्यासारखं वाटतं.” आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. वहीत हिने खाली लिहिलंय: बाई रागावल्या. उद्यापासून जास्त नीट बोलायचं.

नीट म्हणजे अधिक आदराने. समोरचा नाराज दिसला की आपण ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर जातो, तीच ही पायरी. दुसऱ्या दिवसापासून तिने बाईंना नावाने हाक मारणंच टाळलं आणि प्रत्येक वाक्यात दोनदा उस्तेद घातलं.

बसमध्ये चढल्यावर आधी चालकाला कुठे जायचं ते सांगावं लागतं, मग तो भाडं लावतो आणि आपण कार्ड टेकवायचं. चालक विचारतो, “आस्ता दोंदे बास?” कुठवर जातेस? हिला ते उर्मट वाटलं. बेकरीत “के केरेस?” म्हणजे काय पाहिजे तुला. तेही उर्मट. पुस्तकात दुकानदार म्हणतो, आपल्याला काय हवं आहे. पाचव्या दिवसाची नोंद: दुकानदार अंगावर येतात.

कार्यालयातल्या मुलीने पुढे होऊन गालाला गाल लावला तेव्हा हिने हात पुढे केला होता. तो हात तिच्या पोटात लागला. हा प्रसंग सांगताना ती आता हसते.

खाण्याचं सांगायला हवं, कारण घरच्यांचा सगळा जीव त्यातच अडकला होता. ती शाकाहारी. “मी कार्ने खात नाही” म्हटलं की समोर हॅमचं सँडविच आलं. तिथे कार्ने म्हणजे गाईचं मांस; डुक्कर आणि कोंबडी त्या शब्दात येतीलच असं नाही. एकेक पदार्थाचं नाव घेऊन नको म्हणायला शिकल्यावर हा प्रश्न आठवडाभरात मिटला. एम्पानादा म्हणजे दिसायला थेट आपली करंजी. मक्याची आणि चीज-कांद्याची मिळते. सुका माल विकणाऱ्या दुकानांना तिकडे दिएतेतिका म्हणतात. तिथे हळद, जिरं, आणि ‘तुर्की मसूर’ या नावाने आपली लाल मसूर डाळ. शेंगदाणे तर काय, कोर्दोबा प्रांत शेंगदाण्याचाच. कुटाची सोय झाली. उलट बाजूनेही नातं आहेच: आपल्याकडे आयात होणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा हिस्सा अर्जेंटिनातून येतो, म्हणजे तिच्या आईच्या कढईतलं तेल तिच्या आधीच तो प्रवास करून आलेलं असणार.

अडचण काय खायचं याची नव्हती, कधी खायचं याची होती. ही संध्याकाळी साडेसातला डाळ-भात लावायची, आठला जेवून खोलीत. घर जेवायचं साडेनऊ-दहाला. घरात आणखी दोघी विद्यार्थिनी राहत होत्या, एक कोलंबियाची, एक अर्जेंटिनातल्याच साल्ता प्रांताची. त्या दोघींची आणि बाईंची रात्रीची बैठक स्वयंपाकघरात, आणि त्या वेळी ही खोलीत दिवा मालवून कऱ्हाडला सकाळ होण्याची वाट बघत पडलेली. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेआठ तासांचं अंतर. तिकडे रात्रीचे अकरा वाजले की आईकडे सकाळचे साडेसात.

तीन निदानं

अठराव्या दिवशी तिकिटाची चौकशी झाल्यावर सगळे हलले. आईचं म्हणणं, जेवणाचे हाल होतायत. आमच्याकडच्या समन्वयकांचं म्हणणं, भाषा कच्ची राहिली. मी त्यांचीच री ओढली आणि तिला संशयार्थावरचे बारा पानांचे स्वाध्याय पाठवले. ज्या मुलीशी कुणी बोलत नाही तिला मी क्रियापदांची रूपं भरायला दिली. तिने ती दोन दिवसांत भरून, एकही चूक न करता परत पाठवली. ते पाहून मी पहिल्यांदा थांबले. भाषा कच्ची असती तर हे जमलं नसतं.

मग वही पुन्हा वाचली, यावेळी फक्त संवाद. तिच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस बोस म्हणत होता: चालक, बेकरीवाला, घरमालकीण, वर्गातली मुलं, इतकंच काय प्राध्यापकसुद्धा. आणि तिने सगळ्यांना उस्तेदच म्हटलं होतं. अठरा दिवसांत एकही अपवाद नाही. तिच्याच वयाच्या कोलंबियाच्या मुलीलाही उस्तेद.

मराठीत करून बघा. कुणी म्हणावं, “ये गं, बस, चहा घे,” आणि तुम्ही उत्तर द्यावं, “आपली हरकत नसेल तर मी बसू इच्छिते.” समोरच्याला वाटणार, हिचं काहीतरी बिनसलंय किंवा हिला आपल्यात यायचं नाही. दोन मैत्रिणींचं भांडण झालं की एक दुसरीला मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणते, ते कसं लागतं! या मुलीने एका सबंध शहराला रोज तसं ‘तुम्ही’ म्हटलं होतं. शहराने अंतर राखलं नव्हतं. हिने राखायला सांगितलं आणि त्यांनी मान दिला.

यात एक आडवळण आहे. कोलंबियाच्या मुलीला हिचं उस्तेद मुळीच खटकलं नव्हतं. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, मित्रमैत्रिणी आणि सख्खी भावंडंसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात, मायेने. आमची ही विद्यार्थिनी बोगोताला गेली असती तर हे टिपण लिहायची वेळ आली नसती. ‘लॅटिन अमेरिकेतलं स्पॅनिश’ असं एका दमात म्हणायची सवय मी तेव्हापासून सोडली आहे.

माते

सगळ्यांत मोठा घोटाळा झाला तो मातेच्या दिवशी, नवव्या. माते म्हणजे येर्बा नावाच्या पानांचा कडू काढा. (येर्बाचं तिकडे ‘शेर्बा’ होतं, हे आता सांगायला नको.) एका छोट्या भोपळ्याच्या वाटीत पानं, त्यात धातूची नळी. एकजण गरम पाणी ओततो आणि वाटी देतो, आपण नळीने सगळं ओढून त्यालाच परत करायची, मग तो पुन्हा भरून पुढच्याला. वाटी एक, नळी एक, माणसं पाच.

आपल्या डोक्यात पहिला शब्द येतो तो उष्टं. तिच्याही आला. वहीत लिहिलंय, “कसंतरी झालं, पण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.” तिने वाटी घेतली, प्यायली आणि परत देताना सौजन्याने म्हणाली, “ग्रासिआस.” आभारी आहे.

मातेच्या बैठकीत ग्रासिआस म्हणजे ‘पुरे, आता मला नको.’ पीत राहायचं असेल तोवर काही न बोलता वाटी परत करायची असते. पुढच्या फेरीत वाटी तिला ओलांडून गेली. त्याच्या पुढच्या फेरीतही. तासभर ती त्या गोलात बसून वाटी जाताना बघत राहिली. वहीतली नोंद: मुद्दाम वगळलं.

हे वाचून मला फार वाईट वाटलं. उष्ट्याची आपली सगळी शिकवण बाजूला ठेवून या पोरीने ती नळी तोंडाला लावली होती आणि एका सभ्य शब्दाने ती बाहेर पडली.

बदल

विसाव्या दिवशी आम्ही व्हिडिओवर बोललो. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, असं काय म्हणताय.” मग ठरलं ते इतकंच. सरकारी खिडकी, पोलीस, दवाखाना आणि रस्त्यात भेटलेलं फार म्हातारं माणूस सोडून सगळ्यांना बोस. घरमालकिणीला नावाने हाक मारायची. संध्याकाळी पाच-सहाला तिकडे चहा-बिस्किटाची वेळ असते, तेव्हा खाऊन घ्यायचं आणि रात्रीचं जेवण साडेनऊच्या आधी करायचंच नाही. आणि बोलताना आपली पाळी येण्याची वाट बघायची नाही. ब्युनॉस आयर्सची माणसं एकमेकांच्या वाक्यात शिरून बोलतात; तिथे थांबून राहणाऱ्याला पाळी मिळत नाही.

पहिल्या तीन गोष्टी ती म्हणाली करते. चौथीवर म्हणाली, “हे नाही जमणार, आजी ओरडेल.” आजी कऱ्हाडात होती.

साठीच्या बाईंना बोस म्हणताना जीभ रेटत नव्हती. दोन दिवस तिने कर्ता नसलेली वाक्यं बनवली, जशी नवी सून सासूला हाक न मारता बोलते: पाणी हवंय का, दार लावायचं का. आणि मग डास आले.

2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये अर्जेंटिनात डेंग्यूची तोवरची सर्वांत मोठी साथ होती; त्या हंगामात पाच लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ब्युनॉस आयर्सला या आजाराची आपल्यासारखी सवय नाही. डास पळवणारी मलमं आणि फवारे दुकानांतून गायब, कुठे मिळालेच तर भाव अवाच्या सवा. बाई खिडक्या लावून, घाबरून बसलेल्या. आमच्या मुलीच्या बॅगेत आईने ओडोमॉसच्या सहा ट्यूब कोंबलेल्या होत्या आणि पुण्यात ती त्यावरून आईवर चिडली होती. तिने एक ट्यूब आणून टेबलावर ठेवली आणि घाईत तोंडातून निघून गेलं, “तोमा, पोनेते.” घे, लाव. उस्तेद नाही, सेन्योरा नाही, सरळ बोसचं रूप. बाईंनी ट्यूब घेतली, हुंगली आणि विचारलं, पायालाही चालतं का. ती संध्याकाळ चौघींनी ओडोमॉस लावून स्वयंपाकघरात काढली. ट्यूब मातेसारखीच गोल फिरली. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी रोज ओतून टाकायचं असतं, हे तिने बाईंना सांगितलं. एखाद्या गोष्टीत हिला जास्त कळतं आणि बाकीच्यांना कमी, अशी तिकडे गेल्यापासून ही पहिलीच वेळ.

एका सर्वनामाने सगळं पालटलं, असं माझं म्हणणं नाही. ओडोमॉस नसती तर आणखी पंधरा दिवस गेले असते.

पुआन

विद्यापीठाची साहित्य आणि तत्त्वज्ञानाची शाखा कबाशितो वस्तीत पुआन नावाच्या रस्त्यावर आहे आणि सगळे तिला नुसतं ‘पुआन’ म्हणतात. इमारत पूर्वी सिगारेटचा कारखाना होती. अल्माग्रोहून मेट्रोच्या ए मार्गाने जाता येतं. 1 डिसेंबर 1913 ला सुरू झालेला हा लॅटिन अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग. मार्चमध्ये तिकीट 125 पेसो होतं, 17 मेला ते 574 झालं. वडिलांना हा आकडा तिने दोनदा लिहून पाठवला.

बरेच वर्ग संध्याकाळी, काही रात्री अकरापर्यंत, कारण निम्मी मुलं दिवसा नोकरी करतात. भिंतींवर इंचभर जागा नाही, सगळी पोस्टरं. तास चालू असताना विद्यार्थी संघटनेची दोन मुलं आत येतात, प्राध्यापक बाजूला होतात, मुलं पाच मिनिटं बोलून पत्रकं वाटून जातात आणि तास पुढे सुरू. पुण्यात प्राध्यापक वर्गात आले की आपली मुलं उभी राहतात. तिने पहिल्या दिवशी उठून उभं राहून बघितलं होतं, एकटीनेच.

बोस म्हणायला लागल्यावर इथे काय बदललं ते छोट्या गोष्टींत दिसतं. शेजारच्या मुलाकडे तिने पेन मागितलं, पुस्तकी शब्द वापरून. तो हसला आणि म्हणाला, “बिरोमे.” बॉलपेनचा शोध लावणारा हंगेरियन लास्लो बिरो अर्जेंटिनात येऊन राहिला; त्याच्या आणि त्याच्या भागीदाराच्या आडनावांतून तो शब्द झाला. आधी अशा हसण्यावर वहीत ‘हसले’ एवढीच नोंद असायची. यावेळी बिरोची गोष्ट लिहिली आहे, म्हणजे तिने पुढे विचारलं आणि त्याने सांगितलं.

त्या वर्षी विद्यापीठांना 2023 चंच अंदाजपत्रक पुढे चालू ठेवून दिलं होतं, आणि महागाई वर सांगितली तशी. 23 एप्रिलला देशभर मोर्चे निघाले. ब्युनॉस आयर्समध्ये लाखो लोक संसदेपासून प्लासा दे मायो या चौकापर्यंत उतरले. अनेकांच्या हातात पुस्तकं. आमची मुलगी परदेशी विद्यार्थिनी, तिने घोषणा दिल्या नाहीत, कडेने चालली. गर्दीत साल्ताच्या मैत्रिणीशी चुकामूक झाली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध ओरडली, “चे! बेनी, एस्ताम आका!” अगं ए, इकडे ये! त्यातलं ‘एस्ताम’ चुकीचं आहे, ‘एस्तामोस’ हवं. ‘चे’ आणि ‘बेनी’ बरोबर. हा तपशील वहीत तिनेच दिलाय, चूक अधोरेखित करून.

पुढे

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. जुलैत तोंडी परीक्षा झाल्या, त्यात ती चांगली उतरली. दुसऱ्याच्या वाक्यात शिरून बोलणं मात्र तिला अखेरपर्यंत जमलं नाही.

आम्ही फळ्यावरचा तक्ता बदलला. आता ‘तू’च्या घरात तिरपी रेघ मारून ‘बोस’ लिहितो आणि मुलांना कुठे जायचंय ते पहिल्या तासालाच विचारतो.

जूनमध्ये तिची मला मेल आली. सुरुवात: “चे, प्रोफे.” मजकुरात मला सरळ बोस. पाच वर्षं जी मुलगी दारात उभी राहून “मॅडम, आत येऊ का” विचारायची तिचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले, उस्तेदने सुरुवात केली, खोडली, तू लिहिलं, तेही खोडलं. शेवटी बोस लिहून पाठवलं आणि मग उठून, कारण नसताना, खिडकी उघडून आले.